भाकरीनंतरची टपली

"मॅडम, माझ्या आईची टपली चोरीला गेलीय. तक्रार कुठं नोंदवायची?"

सभागृहात दोनशे पोरापोरींचा हशा फुटला. मागच्या रांगेत पूर्वजानं तोंडात रुमाल कोंबला, तस्लीम बाकाखाली वाकली. पैज त्या दोघींनीच लावली होती, "विचारून दाखव, महिनाभर खिडकीची जागा तुझी." सहा महिन्यांपूर्वीची शिवन्या पिसाळ असती तर उभीच राहिली नसती. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला माईकची भीती उरली नव्हती. उलट माईकनंच तिला जरा घाबरून राहावं, अशी परिस्थिती होती.

कायद्याच्या शिबिरासाठी आलेल्या अॅडव्होकेट निर्मला खोत मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "टपली म्हणजे? डोक्यावर मारतात ती?"

"हो मॅडम. दोनदा, टप टप. आणि मग एक बोट कानामागं असं फिरवायचं. ती माझ्या आईची खास आहे. आता ती भाकरीच्या बाहीतून दुसऱ्यांच्या हातात गेलीय."

बाही म्हटल्यावर हशा ओसरला. बाही आता घरोघरी होती.

"बसू नकोस," खोत मॅडम म्हणाल्या. "चांगला प्रश्न आहे. बोलताना आपण चोरी हा शब्द फार उधळतो. कामात अंग चोरतो, चुकलं की नजर चोरतो, एखाद्या गाण्याची चाल चोरली म्हणतो. त्यासाठी पोलीस कुणाला धरत नाहीत, कारण कायद्यातली चोरी फार मोजकी असते." त्यांनी चार बोटं वर केली आणि एकेक दुमडली. "वस्तू हलवता येणारी हवी. ती कुणाच्या तरी ताब्यात हवी. त्याची परवानगी नको. आणि घेणाऱ्याच्या मनात खोट हवी. ही चार असली आणि वस्तू नुसती जागची हलवली, की चोरी झाली. घरापर्यंत न्यायचीही गरज नाही. आता सांग, आईनं बाही भरायला परवानगी दिली होती?"

"भाकरीची दिली होती. टपलीची नव्हती!"

"वकील हो तू. बरं, आईच्या हाताला टपली मारता येते अजून?"

"येते की."

"मग ती गेली कुठं? राहिला ताबा. टाकून दिलेली वस्तू कुणाच्याच ताब्यात नसते, तिची चोरी होत नाही. तुझ्या ताब्यात होती ना ही टपली? मग सांग, तुला शेवटची कधी मिळाली?"

शिवन्यानं तोंड उघडलं. काल? परवा? दिवाळीत? तिनं गणपतीपर्यंत मागं जाऊन बघितलं, त्याच्याही मागं गेली, आणि तोंड मिटून खाली बसली.

खिडकीची जागा तिनं जिंकली होती. तरी दिवसभर ती नुसती खिडकीबाहेर बघत बसली.

*

बाहीचं शास्त्र सोपं आहे. डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवा. काय हलतंय? कोपराखालचं मांस! बोटांना नाचवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते वर बसलेले असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. आपण काही करायचं ठरवलं की या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. मनगटापासून दंडापर्यंत चढवायची ती कापडी बाही ही वीज टिपून ठेवते. कधी, कुठं, किती जोरानं, सगळं. मग ते नखाएवढ्या कार्डावर भरून दुसऱ्याच्या बाहीत घातलं, की बाही उलटं काम करते. सौम्य विजेनं ती त्याचे तेच स्नायू त्याच क्रमानं जागे करते. पहिले काही दिवस हात आपला असूनही आपला वाटत नाही. महिन्या-दोन महिन्यांत मेंदू तो धडा उचलतो, आणि बाही काढली तरी हाताला ते वळण राहतं.

शिवन्याच्या आईचा, उज्ज्वला पिसाळ यांचा हात असा गेल्या वर्षी भरला गेला. कराडच्या एसटी स्टँडमागं त्यांचं पोळी-भाकरी केंद्र होतं आणि त्यांची ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की फुगायचीच. तिला फुगण्यावाचून गत्यंतर नसायचं. कंपनीची माणसं आली, बाही देऊन गेली. आईनं सकाळी घरीच ती चढवून एकापाठोपाठ अकरा भाकऱ्या केल्या.

तेव्हा शिवन्या आठवीत होती. ओट्याला लागून एक लाकडी स्टूल होतं आणि त्यावर बसून अभ्यास करायची तिची सवय होती. दोन वेण्या, मांडीवर वही. एक भाकरी तव्यावरून उतरली की आईचा मोकळा हात सवयीनं तिच्या डोक्यावर यायचा. टप टप. मग एक बोट कानामागून फिरायचं, सुटलेली बट आत सारायचं. अकरा भाकऱ्यांना अकरा टपल्या. आईला त्याची शुद्धही नव्हती.

यंत्राचा नियम साधा होता. प्रत्येक वेळी न चुकता घडतं ते कामाचा भाग, कधीमधी घडतं ते फालतू. कपाळावरचा घाम पुसणं त्यानं फालतू म्हणून गाळलं. टपली ठेवली, कारण त्याच्या हिशेबी उज्ज्वला पिसाळ यांची भाकरी टपलीशिवाय पूर्णच होत नव्हती.

*

हे सगळं कळलं मिहिकामुळं. मिहिका कारंडे यंदाच पुण्याहून शिवन्याच्या वर्गात आली होती आणि बापाला अरे-तुरे करत होती. तिची आई दोन वर्षांपासून जर्मनीत नर्स होती. मिहिकाचं अक्षर मोत्यासारखं होतं, ती खो-खोत पहिल्या फटक्यात संघात आली होती, आणि शिवन्याला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होती. त्याला एक कारण नव्हतं. सतरा होती.

"काल बाही घालून बाबाची भाकरी फुगली!" मधल्या सुट्टीत मिहिकानं डबा उघडून जाहीर केलं. "आणि गंमत सांगू? भाकरी झाली की त्याचा हात आपोआप उठतो. आधी तो भिंतीवर आपटायचा. मग मीच जाऊन तिथं उभी राहिले. बघ हं, असं करतो." आणि तिनं शिवन्याच्या डोक्यावर करून दाखवलं. टप टप. कानामागून बोट.

शिवन्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"काय तुझं?"

"हे! टपली! माझ्या आईची आहे ती. चोर!"

"ए, मी काय केलं?" मिहिका खरंच गोंधळली. "कार्डात आली ती."

त्या संध्याकाळी शिवन्यानं घर डोक्यावर घेतलं. पप्पा डेपोतून, विजेवरच्या एसटीच्या बॅटऱ्यांशी झटापट करून नुकतेच आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आईकडं बघून म्हणाले, "आमच्या डोक्यावर कधी पडली नाही बुवा असली टपली."

"थट्टा नको, पप्पा!"

"अगं, एवढं काय त्यात?" आई खिडकीतल्या मनीप्लांटला पाणी घालत होती. "हा बघ, तुझ्या पप्पांनी डेपो मॅनेजरच्या केबिनमधून चोरून आणलेला. चोरून आणला की जोमानं लागतो म्हणतात. मॅनेजरचा वेल वाळला का? अजून आहे तिथं. फांदी नेली म्हणून झाडाचं काही जात नाही."

"मी मॅनेजरचं झाड आहे का?"

आईनं वेलाचं एक पिवळं पान खुडलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला. ठिकठिकाणांहून तक्रारी गेल्या होत्या. कुणाचा हात भिंतीवर आपटत होता, नागठाण्याच्या एका आजोबांचा थेट दुधाच्या पातेल्यात. भाकरीनंतरची ही जादा हालचाल सगळ्या कार्डांतून पुसायची का? पुसली तर शिकलेल्या हातांतूनही बाही ती हळूहळू मोडून काढील. हालचाल मुळात दुसऱ्या कुणासाठी होती, हे आईच्या बोलण्यातून त्यांना कळलं होतं, म्हणून त्या व्यक्तीचंही म्हणणं हवं होतं. मुदत पंधरा दिवसांची.

"पुसा," शिवन्या म्हणाली. "आजच्या आज!"

"पंधरा दिवस दिलेत ना त्यांनी?" आई म्हणाली. "विचार कर. हात माझा, पण डोकं तुझं होतं. तू सांगशील तसं कळवू."

शिबीर झालं तेव्हा त्यातले नऊ दिवस उरले होते.

*

खोत मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तिला त्या रात्री सापडलं नाही, पण दुसरं काहीतरी सुचलं. ती मिहिकाकडं जाणार होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. विज्ञानाच्या फायलीचं निमित्त तयारच होतं.

दार कारंडेकाकांनी उघडलं. बँकेतून आल्यावर त्यांनी शर्टावरच ॲप्रन बांधला होता आणि उजव्या हातात करड्या रंगाची बाही होती. "ये ये! उज्ज्वलाताईंची मुलगी ना तू? तुझ्या आईचा हात राहायला आलाय आमच्याकडं!"

त्यांना ते कौतुकानं म्हणायचं होतं. शिवन्याला मात्र त्याचा तव्यासारखा चटका बसला.

ओट्याला लागून एक प्लास्टिकचं स्टूल होतं. त्यावर मिहिका, मांडीवर वही. काका परातीत भाकरी थापत होते, आणि शिवन्या बघतच राहिली. तळव्याचा तो मागचा भाग दाबून भाकरी गोल फिरवणं, कडेला करंगळीनं दिलेला तो निसटता धक्का, सगळं आईचं होतं. फक्त मनगटावर केस होते. भाकरी तव्यावर गेली, पाणी फिरलं, उलटली, फुगली, उतरली. काकांचा हात उठला. मिहिकानं वहीतून वर न बघता डोकं जरासं पुढं केलं. टप टप.

तिनं वर बघितलंसुद्धा नाही! इतकी तिला सवय झाली होती!

तेवढ्यात जर्मनीहून फोन आला. मिहिका "आई!" करत गॅलरीत पळाली. शिवन्या फाईल ठेवायला ओट्यापाशी सरकली आणि पुढची भाकरी तव्यावरून उतरली.

टप टप. पिठाळलेलं, कोमट बोट कानामागून गेलं, सापडणार नाही अशी बट शोधत.

"अरेच्चा! सॉरी हं बाळा," काका ओशाळून हसले. "हा हात माझं ऐकतच नाही."

तोच दाब, तीच ऊब. मान न वळवता डोळे मिटले असते तर मागं आई आहे असंच वाटलं असतं.

"बाबा, आई बोलावतेय तुला!" गॅलरीतून हाक आली. काकांनी गॅस बारीक केला, बाही काढून ओट्यावर ठेवली आणि ते गेले. बाहीच्या दंडाजवळच्या फटीतून कार्डाची निळी कड दिसत होती. शिवन्यानं नखानं ती ओढली, कार्ड मुठीत घेतलं आणि "येते मी!" असं कुणालाही ऐकू न जाईल एवढ्या आवाजात म्हणून ती जिना उतरली.

घरी येऊन तिनं कार्ड कंपासपेटीत, कर्कटकाखाली ठेवलं. फार बरं वाटलं. साधारण दहा मिनिटं. मग, कुणी न सांगता, खोत मॅडमची बोटं डोळ्यांपुढं आली. वस्तू हलवता येणारी? नखाएवढी. ताबा? कारंडेकाकांचा. परवानगी? नव्हती. मनात खोट? शिवन्यानं आरशात बघितलं नाही. चारही बोटं दुमडली होती. अख्ख्या गोष्टीत कायद्याच्या व्याख्येत नीट बसणारी चोरी एकच होती आणि ती तिनं केली होती.

*

दुसऱ्या दिवशी मिहिकाच्या डब्यात ब्रेड होता.

"काल ते कार्ड हरवलं," ती म्हणाली. आज ती जाहीर वगैरे करत नव्हती, नुसतं सांगत होती. "बाबानं अख्खं घर शोधलं. मग कार्डाशिवाय करून बघितली भाकरी. अर्धवट शिकलाय ना, फाटली. आणि हात... मी उभी राहिले तिथं. उठला अर्धा, पण बाबालाच कळेना पुढं काय करायचं. मग त्यानं मला नुसतं थोपटलं. ते काही तसं नव्हतं."

"कसं नव्हतं?" शिवन्यानं विचारलं. खरं तर तिला विचारायचं नव्हतं.

"म्हणजे बाबानं ठरवून केलं ते. ती टपली कशी, न ठरवता येते. कुणाला तरी आपली इतकी सवय झालीय की हात आपोआप येतो, तसं." मिहिकानं ब्रेडची कड काढून टाकली. "माझ्या आईला दोन वर्षं माझी सवय नाहीये."

आणि त्या क्षणी शिवन्याला शेवटची टपली आठवली. तारखेसकट!

पंधरा जून. आदल्या दिवशी तिनं वेण्या कापून मुलांसारखे केस केले होते. सकाळी स्टुलावर बसली होती, नवा गणवेश, नवे केस, नववीचा पहिला दिवस. आईचा हात आला. टप टप, आणि बोट कानामागं बट शोधायला लागलं. बट नव्हतीच. आणि शिवन्या खेकसली होती, "आई! पीठ लागतं केसांना! मी काय लहान आहे का आता?" त्याच संध्याकाळी तिनं वह्यापुस्तकं उचलून आतल्या खोलीत नेली होती. स्टूल माळ्यावर गेलं होतं. आईचा हात मात्र पुढचे कित्येक दिवस भाकरीनंतर अर्धा उठून परत जायचा. शिवन्यानं ते दारातून बघितलं होतं आणि बघितलं नाही असं केलं होतं.

कुणी चोरली नव्हती. तिनंच टाकून दिली होती. आणि टाकून दिलेलं कुणी उचललं, जपलं, त्याच्यासाठी स्टूल घेतलं, तर ती त्याला चोर म्हणत होती.

तिनं कंपासपेटी उघडली, कर्कटक बाजूला केलं आणि कार्ड मिहिकाच्या ब्रेडशेजारी ठेवलं.

मिहिका कार्डाकडं बघत राहिली, मग तिच्याकडं. "तू?"

"हो."

"चोरलंस?"

"हो. चारही मुद्दे बसतात. मी तपासलं."

शिवन्याला वाटलं होतं मिहिका ओरडेल, मग आपल्यालाही ओरडता येईल. पण मिहिका हळूच म्हणाली, "तुझ्याकडे अख्खी आई आहे, आणि तू कार्ड चोरतेस?"

शिवन्यानं कंपासपेटीचं झाकण लावलं. ती म्हणाली, "काकांना मी स्वतः सांगते. आज संध्याकाळी येते."

"ये. आणि चोरी नीट करायला शीक जरा. कंपासपेटीत कोण ठेवतं?"

"पकडलं का मला कुणी शोधून?"

"नाही."

"मग?" शिवन्या म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं. मिहिकानं ते आधी आवरलं. त्याचाही शिवन्याला जरा राग आला.

*

कारंडेकाका रागावले. थोडंच रागावले, पण खरे रागावले, आणि शिवन्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. घरी पोचली तेव्हा आई दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळत होती आणि पप्पा जमिनीवर मांडी घालून मटार सोलत होते.

शिवन्या आत गेली नाही. तिनं शिडी लावली, माळ्यावरून स्टूल काढलं, फडक्यानं पुसलं आणि दाणकन ओट्याला लावून ठेवलं. आईची चाळण थांबली.

"मला दोघांना काही सांगायचंय," शिवन्या म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही. ओरडायचं असेल तर शेवटी."

"भाषण आहे का?" पप्पांनी विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही, पप्पा! तर एक. मी मिहिकाच्या घरून कार्ड चोरलं. खरीखुरी चोरी, कायद्यातली. परत दिलंय आणि काकांची माफी मागितलीय. त्याबद्दल काय शिक्षा द्यायची ती द्या. दोन. कंपनीला कळवा, टपली पुसायची नाही. ज्यांच्या भिंतीला लागते त्यांनी तिथं माणूस उभं करावं."

आईच्या हातातली चाळण अजून तशीच हवेत होती. पीठ बारीक बारीक गळत होतं.

"आणि तीन," शिवन्या म्हणाली, आणि माईकला घाबरवणारा तिचा आवाज जरासा चिरकला. "उद्या सकाळपासून माझा अभ्यास इथं. या स्टुलावर. केस बारीक आहेत, त्यात बट सापडणार नाही, ते मला माहीत आहे. पीठ लागलं तरी चालेल. रविवारी मिहिकाला पण बोलावलंय मी. पण हे स्टूल माझं आहे. ती आली तर तिचं तिनं आणायचं."